शरद ऋतूतील केशरंजन : वैद्य आणि औषधी-विक्रेते यांचे उत्तरदायित्व

भाद्रपद वद्य पक्षात केस कापू नयेत, हा संकेत आपल्याकडील अनेक घरांत आजही पाळला जातो. घट बसविलेल्या घरांतील पुरुष नवरात्रातही क्षौर टाळतात. परिणामी दसऱ्यापासून दिवाळीपर्यंतच्या सुमारे वीस दिवसांत केशकर्तनालये आणि सौंदर्यप्रसाधनगृहे यांत पाय ठेवण्यास जागा उरत नाही. सणासाठी केस कापावयाचे, पांढरे झालेले रंगवावयाचे, नवे रूप घेऊन नातेवाइकांसमोर जावयाचे, ही समाजाची स्वाभाविक इच्छा होय. तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु हेच वीस दिवस ऋतुचर्येच्या दृष्टीने पित्तप्रकोपाचे आहेत आणि याच दिवसांत 'हर्बल', 'आयुर्वेदिक', 'काळी मेहंदी' अशा नावांची रंगद्रव्ये आपल्याच औषधी-भांडारांतून सर्वाधिक खपतात. या दोन गोष्टींचा एकत्र विचार आपल्या व्यवसायात फारसा होत नाही. तो व्हावा, या हेतूने हा लेखनप्रपंच.

शास्त्राची भूमिका

केस हा अस्थिधातूचा मल होय आणि तो पितृज भाव होय, हे आपण सर्व जाणतो. पालित्याची संप्राप्ती सांगताना सुश्रुताचार्यांनी क्षुद्ररोगांच्या अध्यायात क्रोध, शोक व श्रम यांनी वाढलेली शरीरोष्मा आणि पित्त हे शिरःस्थानी जाऊन केस पिकवितात, असे स्पष्ट केले आहे. चरकाचार्यांनी विमानस्थानात पित्तल प्रकृतीच्या मनुष्यास वळ्या, पालित्य व खालित्य हे दोष लवकर येतात, असे म्हटले आहे. याच स्थानाच्या पहिल्या अध्यायात अतिलवण सात्म्य असणाऱ्यांना अकाली खालित्य-पालित्य होते आणि क्षाराचा अतियोग केस, नेत्र, हृदय व पुंस्त्व यांचा उपघात करतो, असा इशारा आहे. हा उल्लेख आहारातील क्षाराचा आहे, हे ध्यानात ठेवूनच तो पुढे विचारात घ्यावयाचा आहे.

वर्षा ऋतूत संचित झालेले पित्त शरदातील प्रखर सूर्यकिरणांनी एकाएकी प्रकुपित होते. म्हणून या ऋतूत तिक्तघृत, विरेचन आणि रक्तमोक्षण सांगितले. शालि, मुद्ग, पटोल, आमलक, शर्करा असा मधुर-तिक्त-कषाय आहार सांगितला. आणि क्षार, दधि, आतप, दिवास्वाप, तीक्ष्ण मद्य वर्ज्य सांगितले. रक्त आणि पित्त यांचा आश्रयाश्रयी संबंध लक्षात घेता त्वग्विकारांस हा ऋतू किती अनुकूल असतो, हे ऑक्टोबरच्या उष्म्यात चिकित्सालयात बसणाऱ्या कोणत्याही वैद्यास सांगण्याची आवश्यकता नाही.

आता केस रंगविण्याविषयी. केशरंजन ही आधुनिक काळाची उपज आहे, असा एक गैरसमज आपल्याच मंडळींत आढळतो. वस्तुतः सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात पंचविसाव्या अध्यायात, चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात सव्विसाव्या अध्यायात आणि अष्टांगहृदयाच्या उत्तरतंत्रात पालित्यावरील तैले व लेप यांचे योग आले आहेत. त्रिफळा, नीली, भृंगराज, लोहचूर्ण ही द्रव्ये तेथे पुनःपुन्हा भेटतात आणि योग लोहपात्रात ठेवण्याची सूचनाही येते. यामागील रसायनशास्त्र आज सहज उलगडता येते. हरितकी, आमलकी यांतील टॅनिन आणि लोह यांच्या संयोगाने निळसर काळा संयुक्त पदार्थ तयार होतो. जुन्या काळची लिहिण्याची शाई याच तत्त्वावर बनत असे. आपल्या आजी-आईनी लोखंडी कढईत मेहंदी, आवळकाठी आणि चहाचे पाणी रात्रभर भिजत ठेवले, ते याच परंपरेचे घरगुती रूप होय.

म्हणजे पांढरे केस झाकण्याची इच्छा शास्त्राने निषिद्ध मानली नाही. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात केस, श्मश्रू व नखे यांचे कर्तन आणि प्रसाधन हे पौष्टिक, वृष्य, आयुष्य, शुचिकर व रूपवर्धक मानले आहे आणि आठव्या अध्यायात पंधरवड्यातून तीन वेळा ते करावे, असे सांगितले आहे. सौंदर्याची इच्छा घेऊन येणाऱ्या रुग्णास हसून वाटेला लावणारा वैद्य शास्त्राशी प्रामाणिक नाही. प्रश्न इच्छेचा नसून, त्या इच्छेच्या हाती आपण कोणते द्रव्य देतो, याचा आहे.

'काळी मेहंदी' नावाचे गौडबंगाल

मेहंदी, म्हणजे मदयन्तिका, हिच्या पानांत लॉसोन नावाचे रंजकद्रव्य असते. ते केसांतील केराटिनशी बद्ध होते आणि केसांस केशरी-तांबूस रंग देते. राजस्थानातील सोजतच्या मेहंदीस 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ती असो वा आपल्या परसातील असो, शुद्ध मेहंदी कधीही काळी नसते. नीलीच्या पानांतून निळा रंग मिळतो. प्रथम मेहंदी व ती धुतल्यावर नीली असे दोन टप्पे केले, तर गडद तपकिरी ते काळा रंग येतो. परंतु त्यास काही तास द्यावे लागतात आणि पूर्ण छटा एक-दोन दिवसांनी दिसते. वनस्पतिज काळ्या रंगाचा हा एवढाच मार्ग आहे आणि तो वेळखाऊ आहे.

मग अर्ध्या तासात केस कुळकुळीत काळे करणारी 'मेहंदी' कोठून येते? उत्तर पुडक्याच्या मागील बाजूस, बहुधा सर्वांत बारीक अक्षरांत, असते : पॅरा-फेनिलीन-डायअमिन, संक्षेपाने पीपीडी. हे कोळशाच्या डांबरापासून निघालेल्या रसायनांच्या कुळातील द्रव्य एकोणिसाव्या शतकात रसायनशास्त्रज्ञांच्या हाती आले आणि आज जगातील बहुसंख्य कायमस्वरूपी केशरंगांचा तो पाया आहे. त्याची क्रिया अशी : अमोनियासारखे क्षारधर्मी द्रव्य केसाचे बाह्य खवले उघडते, पीपीडीचे लहान रेणू आत शिरतात, हायड्रोजन पेरॉक्साइडसारख्या द्रव्याने त्यांचे ऑक्सिडीकरण होऊन मोठे रंगीत रेणू बनतात आणि ते आतच अडकून राहतात. पूड-रूपातील अनेक काळ्या मेहंद्यांत पेरॉक्साइडची जागा बेरियम पेरॉक्साइड घेते. अशा पुडीत मेहंदीची पाने असतात हे खरे, परंतु काळा रंग त्यांचा नसतो.

येथे आणखी एक शब्द तपासून घ्यावा लागतो. 'अमोनियारहित' असे मोठ्या अक्षरांत छापलेले पाहून ग्राहक निश्चिंत होतो. अमोनिया काढून त्या जागी दुसरे क्षारधर्मी द्रव्य घातलेले असते. पीपीडी तसेच राहू शकते. आणि जेथे पीपीडी नसल्याचे लिहिलेले असते तेथे त्याच कुळातील टोल्युईन-डायअमिन असण्याचा संभव असतो. ज्यास एकाची असात्म्यता आहे, त्यातील अनेकांना दुसऱ्याचीही असते.

क्षाराविषयीचा चरकोक्त इशारा आहारासंबंधी आहे, हे वर म्हटलेच आहे. तथापि ज्या ऋतूत क्षार मुखावाटेही वर्ज्य, त्या ऋतूत घामाने भिजलेल्या शिरःप्रदेशी क्षारधर्मी आणि तीक्ष्ण रसायनाचा लेप अर्धा-पाऊण तास ठेवणे हे ऋतुविपरीत होय, असे माझे मत आहे. शास्त्र ज्याला निदानपरिवर्जन म्हणते, त्याचा प्रारंभ येथूनच व्हावयास हवा.

चिकित्सालयातील चित्र

मागे एका दिवाळीत नरक चतुर्दशीच्या सकाळी पन्नाशीच्या एक शिक्षिका माझ्याकडे आल्या. दोन्ही पापण्या इतक्या सुजलेल्या की डोळे उघडत नव्हते. कानांच्या पाळ्या लाल, मानेवर स्राव. त्यांनी अभ्यंगाच्या तेलास दोष दिला. विचारपूस करता समजले की वसुबारसेच्या दिवशी त्यांनी केसांस 'आयुर्वेदिक' काळी मेहंदी लावली होती. ती खरेदी केली होती गावातील एका औषधी-भांडारातून, 'आपलेच औषध आहे, काही होत नाही' या आश्वासनासह. खोक्याच्या मागे पीपीडीचा उल्लेख होता. त्यापूर्वी दोन-तीन वर्षे त्यांनी हेच द्रव्य वापरले होते आणि काहीही झाले नव्हते; म्हणूनच त्यांचा संशय त्यावर जात नव्हता.

या प्रसंगात तीन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली, ही प्रतिक्रिया विलंबित स्वरूपाची असते. बहुधा दोन-तीन दिवसांनी प्रकट होते. त्यामुळे रुग्ण मधल्या काळातील तेल, उटणे, फराळ यांस कारण समजतो. दुसरी, रंग लावला डोक्यास, पण सूज दिसते पापण्या, कान, मान व केशरेषा यांवर; कारण तेथील त्वचा नाजूक असते. तिसरी, वर्षानुवर्षे सोसलेले द्रव्य एखाद्या वेळी अकस्मात असात्म्य होऊ शकते. आणि एकदा झाले की ती असात्म्यता सहसा जन्मभर राहते. काहींना पुढे भूल देण्याची किंवा सल्फा वर्गाची काही औषधे, तसेच कपड्यांतील काही रंगही सोसत नाहीत. पीपीडीच्या या स्वभावामुळेच अमेरिकेतील संपर्कजन्य त्वग्विकार-तज्ज्ञांच्या संस्थेने 2006 साली त्यास त्या वर्षीचा लक्षवेधी असात्म्यकारक पदार्थ म्हणून निवडले होते.

सूज उतरते, परंतु कित्येक रुग्णांत कपाळ, कानशिले व मान यांवर काळपट वर्ण राहून जातो. तो 'वांग' समजून त्यावर महिनोन्महिने लेप चालतात आणि दर महिन्याला केस रंगविणेही चालूच असते. क्वचित केशरेषेवर किंवा मिशांच्या खाली पांढरे डाग पडतात आणि रुग्ण श्वित्राच्या भीतीने धावत येतो. म्हणून चेहऱ्यावरील वर्णविकृतीच्या प्रत्येक रुग्णास 'केसांना काय लावता?' हा प्रश्न विचारणे हा आपल्या रुग्णपरीक्षणाचा नित्य भाग असला पाहिजे. 'मेहंदी' असे उत्तर आले, तर पुडके आणावयास सांगावे.

सुश्रुताचार्यांनी कल्पस्थानाच्या पहिल्याच अध्यायात विषयुक्त शिरोभ्यंग आणि विषयुक्त फणी यांची लक्षणे वर्णिली आहेत : केस गळणे, शिरःशूल, शिरावर ग्रंथी. शिरावाटे होणारी विषबाधा हा स्वतंत्र विचार ज्या शास्त्रात इतक्या बारकाईने आला आहे, त्या शास्त्राच्या नावाखाली हे द्रव्य विकले जावे, ही विसंगती मला अस्वस्थ करते.

अतिशयोक्ती मात्र टाळावयास हवी. केशरंगाने कर्करोग होतो, असे सरसकट विधान आपल्यापैकी काहीजण व्याख्यानांतून करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने केशकर्तन-व्यवसायातील दीर्घकालीन संपर्क संभाव्यतः कर्करोगकारक मानला. व्यक्तिगत वापराविषयी मात्र तसे वर्गीकरण करण्याइतका पुरावा नाही, असे तिच्या 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात नमूद आहे. आपण जेवढे सिद्ध आहे तेवढेच सांगितले, तरच आपले म्हणणे ऐकले जाईल. या वर्गीकरणातून एक कर्तव्य मात्र निष्पन्न होते : रोज दहा डोक्यांना उघड्या हातांनी रंग लावणाऱ्या केशकर्तनकारास हातमोज्यांचा सल्ला आपण द्यावा. त्याच्या हातांवरील भेगा व कंडू यांचे मूळ तेथेच असते.

आणखी एक सूचना ग्रामीण भागातील वैद्यांसाठी. पीपीडीयुक्त केशरंग पोटात गेल्याने घशास व मानेस झपाट्याने सूज येऊन श्वासावरोध होतो. पुढे स्नायूंचा नाश होऊन मूत्र गडद तपकिरी होते आणि वृक्क निकामी होतात. भारतात आत्मघातासाठी असा वापर झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत पुष्कळ आहेत. अशा रुग्णास घरगुती वमन देत वेळ घालवू नये. श्वासमार्ग मोकळा करण्याची सोय असलेल्या रुग्णालयात तत्काळ पाठवावे. रंग लावल्यानंतर श्वासास अडथळा किंवा जिभेस सूज आल्यासही हाच नियम.

विक्रेत्यांचा आक्षेप

हा विषय मी आमच्या भागातील एका औषधी-भांडाराच्या मालकांपुढे काढला, तेव्हा त्यांनी दिलेले उत्तर विचारात घेण्याजोगे होते. ते म्हणाले, "वैद्यराज, आसवारिष्टे आणि चूर्णे यांवर दुकानाचे भाडेही निघत नाही. दिवाळीच्या महिन्यात उटणे, तेल आणि काळी मेहंदी यांवर तीन महिन्यांचा खर्च निघतो. मी ठेवली नाही, तर ग्राहक समोरच्या दुकानात जाईल. बरे, माल परवानाधारक आहे. खोक्यावर घटक छापले आहेत. माझा दोष काय?"

हा आक्षेप खोटा नाही. पीपीडीयुक्त केशरंग विकणे बेकायदेशीर नाही. युरोपातही ते विशिष्ट मर्यादेत, म्हणजे केसांवर लावते वेळी दोन टक्क्यांपर्यंत, मान्य आहे. ज्याला पूर्ण माहिती देऊनही ते वापरावयाचे आहे, त्याचा तो अधिकार आहे. आक्षेपाची दुसरी बाजू अशी की, ग्राहक समोरच्या प्रसाधनांच्या दुकानात न जाता आपल्या दुकानात येतो, तो 'आयुर्वेदिक' या एका शब्दासाठी येतो. समोरच्या दुकानात तो रसायन म्हणून रसायन घेतो आणि कदाचित सूचनापत्रही वाचतो. आपल्या दुकानात तो निःशंक होऊन घेतो आणि चाचणी न करता लावतो. म्हणजे जे द्रव्य तेथे काहीसे सुरक्षितपणे वापरले जाते, तेच आपल्या फळीवर येऊन अधिक धोकादायक होते. हा धोका द्रव्याचा नाही; आपल्या नावाने दिलेल्या खोट्या निश्चिंततेचा आहे.

आणि यात व्यवसायाचेही नुकसान आहे. त्या शिक्षिकांनी त्यानंतर 'आयुर्वेदाने माझे डोळे सुजले' असेच सर्वांना सांगितले. त्यांच्या दृष्टीने ते खरेच होते. एका खोक्यावरचा नफा किती आणि अशा एका वाक्याने होणारी हानी किती, याचा हिशोब प्रत्येक दुकानदाराने स्वतः मांडावा.

कायदा काय सांगतो

औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावली, 1945 नुसार पीपीडी असलेल्या केशरंगावर सावधगिरीची सूचना इंग्रजी व स्थानिक भाषेत असणे बंधनकारक होते आणि सौंदर्यप्रसाधने नियमावली, 2020 मध्येही ती तरतूद कायम आहे. या द्रव्याने काहींच्या त्वचेस दाह होऊ शकतो, म्हणून प्रथम चाचणी करावी. पापण्या व भुवया यांस ते लावू नये, अन्यथा अंधत्व येऊ शकते, असा तिचा आशय आहे. चाचणीची पद्धतही सांगितली आहे : कानामागे किंवा कोपर ते मनगट या भागाच्या आतील बाजूस थोडा तयार रंग लावावा, चोवीस तासांनी धुवून पाहावा आणि प्रत्येक वापरापूर्वी ही चाचणी पुन्हा करावी. विलंबित प्रतिक्रिया लक्षात घेता चोवीस तासांनी धुतल्यावर आणखी एक दिवस वाट पाहणे श्रेयस्कर, असे मी सुचवीन. ज्या खोक्यावर ही सूचना मराठीत नाही, त्या मालाविषयी वितरकास प्रश्न विचारण्याचा विक्रेत्यास पूर्ण अधिकार आहे.

परवाना कोणत्या वर्गाचा आहे, हेही पाहावे. आयुर्वेदिक औषधाच्या वेष्टनावर वनस्पतीचे शास्त्रीय नाव, वापरलेला भाग आणि प्रमाण यांसह घटकांची खरी यादी देणे नियम 161 नुसार आवश्यक आहे. सौंदर्यप्रसाधन म्हणून परवाना घेतलेला माल 'आयुर्वेदिक' या शब्दाची झूल पांघरून येत असेल, तर ती झूल उतरविणे आपल्याच हाती आहे. त्याचप्रमाणे औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीच्या अनुसूची 'जे'मध्ये ज्या व्याधींवर उपायाचा दावा औषधाने करू नये असे म्हटले आहे, त्यांत टक्कल, केसांचा रंग बदलणे आणि अकाली पालित्य यांचा समावेश आहे. 'पांढरे केस मुळापासून काळे' अशा पाट्या दुकानांत लावणाऱ्यांनी याची जाणीव ठेवावी.

शरदात वैद्याने काय सांगावे

निषेधाने लोक थांबत नाहीत. पर्याय दिल्याने थांबतात. म्हणून पुढील क्रम मी सुचवितो.

प्रथम, वयपरत्वे आलेले पालित्य व अकाली पालित्य यांत भेद करावा. साठीतील पांढरे केस हा स्वभाव आहे. ते तेलाने वा काढ्याने काळे होतील, असे आश्वासन देऊ नये. पंचविशीच्या आत केस पिकू लागले असतील, तर मात्र प्रकृती, आहारातील लवण-अम्ल-क्षार, जागरण, धूम्रपान, कुलवृत्त यांचा विचार करावा आणि बी-12 जीवनसत्त्व, लोह व थायरॉइड यांच्या तपासण्याही करवून घ्याव्यात. शाकाहारी तरुणांत बी-12ची न्यूनता वारंवार आढळते, हे आपणा सर्वांच्या अनुभवाचे आहे.

दुसरे, हा ऋतू शोधनाचा आहे. योग्य रुग्णात स्नेहपूर्वक विरेचन करून नंतर नस्य द्यावे. चरकाचार्यांनी अणुतैलाच्या नस्यासाठी प्रावृट्, शरद व वसंत हे तीन काळ, आकाश निरभ्र असताना, सांगितले आहेत आणि त्याच्या फलश्रुतीत केस पांढरे वा पिंगट होत नाहीत, असे म्हटले आहे. केसांसाठी शरदाचे याहून नेमके विधान शोधून सापडणार नाही. भृंगराज-आमलकीयुक्त रसायन आणि नारळाच्या तेलात सिद्ध केलेल्या शीत तैलाने मृदु शिरोभ्यंग यांची जोड द्यावी. ही तैले रंग नव्हेत, ती केशमूलांच्या पोषणासाठी आहेत, हे रुग्णास आधीच सांगावे.

तिसरे, केस रंगवावयाचेच असतील, तर शुद्ध मेहंदी व शुद्ध नीली यांचा द्विपाद विधी शिकवावा. मेहंदी आवळ्याच्या अथवा चहाच्या पाण्यात लोखंडी पात्रात कित्येक तास भिजवावी. नीली मात्र साध्या पाण्यात कालवून दहा-पंधरा मिनिटांत लावावी, कारण ती साठवून राहत नाही. नीलीत आम्ल पदार्थ घालू नये. सणाच्या आदल्या रात्री नव्हे, तर चार-पाच दिवस आधी हा विधी करावा, म्हणजे छटा स्थिर होते. वनस्पतिज द्रव्यही क्वचित असात्म्य होते. चाचणी येथेही करावी. जी-6-पीडी या विकराची न्यूनता असलेल्यांत, विशेषतः तान्ह्या बालकांत, मेहंदीने रक्तकणांचा नाश होऊ शकतो. म्हणून बारशाच्या हौसेने बाळाच्या हातापायांस मेहंदी लावण्याचा मोह आवरण्यास सांगावे.

चौथे, कात्रीचे साहाय्य घ्यावे. रासायनिक रंग सोडू इच्छिणाऱ्यांना पांढऱ्या मुळांची व काळ्या टोकांची दुरंगी रेषा नकोशी होते आणि ते पुन्हा रंगाकडे वळतात. केस महिन्यास सुमारे एक सेंटिमीटर वाढतात. शरदाच्या आरंभी केस आखूड करून घेतले आणि दर महिन्यास टोके कापली, तर होळीपर्यंत आखूड केसांतील जुना रंग बव्हंशी निघून जातो. शिवाय ऑक्टोबरच्या उष्म्यात आखूड केस घाम लवकर सुकू देतात. कापल्याने केस दाट होतात, ही समजूत मात्र निराधार आहे. ती आपण पसरवू नये.

दुकानदार बंधूंना आवाहन

औषधी-विक्रेत्यांनी या शरदात तीन गोष्टी कराव्यात, अशी माझी विनंती आहे. एक, आपल्या फळीवरील प्रत्येक केशरंगाच्या खोक्याची मागील बाजू भिंगाखाली वाचून, ज्यात पीपीडी किंवा त्याच्या कुळातील द्रव्य आहे तो माल आयुर्वेदिक औषधांच्या फळीवरून काढावा. विकावयाचाच असेल, तर वेगळ्या जागी, 'रासायनिक केशरंग, चाचणी आवश्यक' अशी मराठी पाटी लावून विकावा. दोन, शुद्ध मेहंदी व नीली यांसाठी पुरवठादाराकडून प्रत्येक खेपेचे प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र मागावे. पीपीडीची भेसळ क्रोमॅटोग्राफीने ओळखता येते. तीन, विक्री करणाऱ्या मुलास 'काही होत नाही' हे वाक्य उच्चारण्यास मनाई करावी.

वैद्यांनी आपल्या परीने प्रतिक्रियांची नोंद ठेवावी. आयुर्वेदिक औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारी औषध-सतर्कता यंत्रणा आयुष मंत्रालयाने उभारली असून नवी दिल्लीतील अखिल भारतीय आयुर्वेद संस्थान हे तिचे राष्ट्रीय समन्वय केंद्र आहे. 'आयुर्वेदिक' म्हणून विकलेल्या मेहंदीने आलेली सूज ही तेथे कळविण्याजोगी बाब आहे. अशी नोंद केल्याने आयुर्वेदाची बदनामी होईल, ही भीती अनाठायी होय. बदनामी लपविल्याने होते. नोंदविल्याने खरा व खोटा माल वेगळा होतो. आपल्या संघटनेने जिल्हा शाखांमार्फत अशा रुग्णांची माहिती एकत्र करून ती अन्न व औषध प्रशासनाकडे पाठवावी, असा प्रस्ताव येत्या सर्वसाधारण सभेपुढे मी मांडणार आहे. त्यावर मतभिन्नता असणार, हे मी जाणतो. विशेषतः औषधी-विक्रेते सभासदांनी आपल्या अडचणी मोकळेपणाने मांडाव्यात. शुद्ध मेहंदी व नीली यांची सामूहिक खरेदी करून ती सभासद-दुकानांना माफक दरात पुरविता येईल का, याचाही विचार त्याच सभेत व्हावा; म्हणजे काळ्या मेहंदीची जागा रिकामी राहणार नाही.

'आयुर्वेद' या शब्दावर समाजाने ठेवलेला विश्वास ही पूर्वसूरींनी मिळविलेली ठेव आहे. तिच्यावरील व्याज आपण रोज घेतो. मुद्दलास हात लागू नये, एवढी दक्षता घेणे आपले कर्तव्य होय. यंदाच्या दिवाळीत आपल्या दुकानातून गेलेल्या पुडीने कोणाच्या पापण्या सुजू नयेत, एवढा संकल्प तरी घटस्थापनेपूर्वी आपण करू या.